रेडिओ स्वयंचलन प्रणालीची वापर-पुस्तिका

गाणी, जाहिराती, उद्घोषणा आणि ध्वनिमुद्रित कार्यक्रम ठरलेल्या क्रमाने व ठरलेल्या वेळी प्रक्षेपित करणाऱ्या सॉफ्टवेअरला रेडिओ स्वयंचलन प्रणाली म्हणतात. मुक्त स्रोत वर्गातील अशा प्रणालींमध्ये लिनक्सवर चालणारी रिव्हेंडेल आणि एअरटाइम या दुसऱ्या प्रणालीपासून २०१७ मध्ये वेगळी झालेली, ब्राउझरमधून हाताळली जाणारी लिब्रेटाइम या विशेष परिचित आहेत. त्या परवाना शुल्काशिवाय उतरवून घेता येतात. परंतु त्यांच्यासोबत विक्रेत्याचा प्रशिक्षक येत नाही. त्यामुळे छोट्या केंद्रात ही प्रणाली रुजेल की अडगळीत पडेल, हे बऱ्याच अंशी तिच्या वापर-पुस्तिकेवर अवलंबून राहते.

पुस्तिकेची रचना मेनूंच्या क्रमाने करणे सोपे असते, पण ते उपयोगाचे नसते. रिव्हेंडेलमध्ये प्रशासन, संग्रह, नियोजन आणि प्रक्षेपण यांसाठी वेगवेगळे संगणकीय कार्यक्रम आहेत. सकाळी सहाला ध्वनिक्षेपकासमोर बसणाऱ्या उद्घोषकाला त्यांतील प्रक्षेपणाचा पडदा तेवढा हवा असतो. डेटाबेसची जोडणी वाचण्याची त्याला गरज नसते. म्हणून उद्घोषक, नियोजक आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी स्वतंत्र भाग करून, प्रत्येक भाग त्या माणसाच्या दिवसाच्या क्रमाने लिहिणे हीच योग्य पद्धत होय.

संज्ञांपैकी सर्वांत आधी समजावून द्यावी लागते ती ‘कार्ट’. पूर्वी रेडिओ केंद्रांत जाहिराती व छोट्या धून अखंड फिरणाऱ्या टेपच्या डबीत भरलेल्या असत. त्या डबीचे हे नाव संगणकातही टिकले. रिव्हेंडेलमधील कार्टला सहा अंकांपर्यंतचा क्रमांक असतो आणि तिच्या पोटात एक किंवा अनेक ‘कट’, म्हणजे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणे, असतात. एकाच जाहिरातीच्या तीन आवृत्त्या एका कार्टमध्ये ठेवल्या की नियोजनात तीच कार्ट कायम राहते आणि आवृत्ती आलटून पालटून वाजते. हे एका उदाहरणाने दाखवले नाही, तर नवा वापरकर्ता प्रत्येक आवृत्तीची वेगळी कार्ट करतो आणि काही महिन्यांत संग्रह हाताबाहेर जातो.

नियोजनाचा गाभा ‘घड्याळ’ या कल्पनेत आहे. घड्याळ म्हणजे एका तासाचा आराखडा; अशी घड्याळे आठवड्याच्या १६८ तासांच्या जाळीत बसवली जातात, त्या जाळीतून विशिष्ट तारखेचा ‘लॉग’, म्हणजे त्या दिवशी काय काय वाजायचे याची क्रमवार यादी, तयार होतो आणि त्यात संगीत व जाहिरातींच्या याद्या मिसळल्या जातात. येथे एक चूक वारंवार होते. लॉगमधील ओळीपुढे लिहिलेला संक्रमणाचा प्रकार, म्हणजे सलग वाजायचे की थांबायचे ही सूचना, त्या ओळीच्या शेवटाला नव्हे, तर तिच्या सुरुवातीला लागू असतो. गाण्यानंतर प्रक्षेपण थांबायला हवे असेल, तर बदल गाण्याच्या ओळीत न करता पुढच्या ओळीत करावा लागतो. हे वाक्य पुस्तिकेत ठळक अक्षरांत आणि पडद्याच्या चित्रासह असायला हवे.

जतनाच्या प्रकरणात कंजुषी करू नये. रिव्हेंडेलच्या ध्वनिफितींच्या, म्हणजे संगणकावरील ध्वनीच्या फाइलींच्या, नावांत केवळ कार्टचा आणि कटचा क्रमांक असतो. शीर्षक, गायक, खुणा आणि वेळापत्रक हे सारे डेटाबेसमध्ये राहते. केवळ ध्वनिफितींची प्रत ठेवणाऱ्या केंद्राचा डेटाबेस बिघडला, तर त्याच्या हाती हजारो निनावी फिती उरतात. दोहोंची प्रत एकाच वेळी कशी घ्यावी आणि रिकाम्या संगणकावर ती परत कशी उभी करावी, हे लेखकाने स्वतः करून पाहूनच लिहावे. परत उभी करण्याची कृती न तपासता छापणे मला अक्षम्य वाटते.

भारतातील सामुदायिक रेडिओसाठी पुस्तिकेत एक जादा प्रकरण लागते. २००६ च्या धोरणाने शैक्षणिक संस्थांच्या जोडीने स्वयंसेवी संस्थांनाही अशी केंद्रे चालवण्याची वाट मोकळी करून दिली आणि प्रक्षेपित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधन घातले. वाजलेल्या गोष्टींची नोंद प्रणाली ठेवते, पण ती नोंद म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. प्रत्यक्ष प्रक्षेपणाचे मुद्रण वेगळे योजावे लागते.

मराठी पुस्तिका लिहिताना कार्ट, कट, लॉग हे शब्द तसेच ठेवणे इष्ट, कारण पडद्यावर तेच दिसतात. स्पष्टीकरण मात्र बोलत्या मराठीत असावे. पुस्तिका प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर तपासली, ते पहिल्याच पानावर नोंदवावे. ध्वनिक्षेपकाशेजारी भिंतीवर लावण्यासाठी एक पान निराळे काढावे: प्रक्षेपण शांत झाले तर कोणती कार्ट, कोणत्या कळीने, लगेच सुरू करायची आणि त्यानंतर कोणाला फोन करायचा.