गिझर विजेचा की गॅसचा? बादलीचा हिशेब मांडू

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, हे शाळेत शिकलेलं असतं. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायची, तर लागतात ४०० किलोकॅलरी. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे बादलीमागे जेमतेम अर्धं युनिट. घरात रोज चार बादल्या लागत असतील, तर टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून महिन्याला साठेक युनिट होतात.

आता गॅस. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये दीड लाख किलोकॅलरींहून थोडी जास्त उष्णता असते. गॅस गिझर त्यातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाण्याला देतो, उरलेली धुराबरोबर जाते. तरी एका सिलिंडरमध्ये तीनशेच्या वर बादल्या निघतात. हे काम विजेवर करायचं तर साधारण १४५ युनिटं लागली असती, म्हणून तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा. विजेचं एक युनिट त्याहून महाग पडत असेल, तर गॅस स्वस्त.

पण युनिटचा दर कोणता धरायचा? इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारी सरासरी इथे कामाची नाही. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांनंतर दर एकदम चढतो. दिवे, पंखे, फ्रिज तर चालणारच. गिझरची युनिटं त्यांच्यावर चढतात आणि वरच्या, महागड्या टप्प्यात मोजली जातात. नव्वद युनिटांवर भागणारं घर गिझर लावला की दीडशेवर जातं. म्हणून बिलातला वरच्या टप्प्याचा दर बघा, त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्यासाठी युनिटमागे लागणारी रक्कम) मिळवा आणि मग तुलना करा. अशी तुलना केली की बहुतेक घरांत गॅसच स्वस्त पडेल, असं मला वाटतं.

विजेचाच गिझर असेल, तर तापमान ७५ वरून ५५-६० वर आणा आणि आंघोळी एकापाठोपाठ उरका. दिवसभर चालू ठेवलेली टाकी हळूहळू निवते आणि निवलेलं पाणी पुन्हा तापवण्यात वीज जाते.

गॅस गिझर मात्र न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नका. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. आधी गरगरतं, मग शुद्ध हरपते आणि दाराची कडी आतून लावलेली असते. गिझर बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत लावून आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. तशी जागा नसेल, तर महाग पडला तरी विजेचाच घ्या.