सारवणाच्या पट्ट्यापासून स्कर्टिंगपर्यंत

श्रावणातला कानबाई देवीचा सण जवळ आला की खानदेशात घरोघरी रंगकाम निघतं. रोटांना, म्हणजे सणाच्या प्रसादाच्या जेवणाला, भाऊबंद जमणार, म्हणून निदान एक खोली तरी नव्याने करायचीच. कपाटं हलवली की भिंतीच्या पायाशी लावलेली, फुगलेली पट्टी म्हणजे स्कर्टिंग, आणि दाराच्या चौकटीभोवतीची फट दिसते. मग घाईघाईने दुकानात समोर येईल ती पट्टी घेतली जाते. स्कर्टिंग आणि चौकटीची फट झाकणारी पट्टी या दोन्ही गोष्टी आपल्या घरांत कशा आल्या हे ठाऊक असेल, तर अशी चुकीची खरेदी टळते.

युरोपात भिंतींना खालपासून लाकडी तक्ते मारत. ती पद्धत मागे पडली तरी तळाची फळी राहिली, कारण गिलावा आणि लाकडी जमीन यांच्यातला सांधा झाकावा लागत होता. व्हिक्टोरियन काळातल्या मोठ्या घरांत तर ही फळी फूटभर उंच झाली. आज कॅटलॉगमध्ये दिसणारी नक्षीदार पांढरी पट्टी तिचीच वारस.

आपल्याकडे जमीन लाकडाची नव्हतीच. तापीकाठचं जुनं घर म्हणजे दगडी जोतं, मातीच्या जाडजूड भिंती आणि वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. वरची भिंत पांढऱ्या मातीने पोतलेली असायची. जमीन सारवणाऱ्या बाईचा हात भिंतीपाशी थांबत नसे, वीतभर वर चढून सरळ पट्टा ओढूनच तो खाली येई. केरसुणीचा मार, पाण्याचे शिंतोडे, कोंबड्यांची उकर हे सगळं तो पट्टा झेलायचा आणि पुढच्या सारवणात पुन्हा नवा व्हायचा. शहाबादी आणि नंतर मोझेक फरशी आली, तसं सारवण गेलं आणि ओलं फडकं आलं. पट्टाही मग फरशीचाच झाला, चार इंच उंचीचा. माझ्या मते आपलं खरं स्कर्टिंग हेच आहे, कारण ते रोजच्या पाण्यासाठी घडलेलं आहे.

दाराची गोष्ट याहून समृद्ध आहे. सातपुड्याचं आणि डांगचं सागवान जवळ असल्याने जुन्या वाड्यांच्या चौकटी नुसत्या पाहत राहाव्यात अशा आहेत. जाड उंबरा, वर गणेशपट्टी, आणि वरचं लाकूड दोन्ही बाजूंना पुढे काढून भिंतीत रुतवलेलं. कवाडाला बिजागरी नसे. त्याचाच लाकडी खुंटा उंबऱ्याच्या खोबणीत फिरे. चौकट जाड भिंतीच्या पोटात बसलेली असायची आणि तिच्या कडेला मातीचा लेप यायचा. फट पडली तर सारवतानाच बुजायची, त्यामुळे वरून झाकणपट्टी मारायची गरजच नव्हती.

1878 च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने झाडतोडीवर आणखी बंधनं आली. सागवान ही हात राखून वापरायची वस्तू झाली. त्याच दरम्यान भिंती नऊ इंचांच्या, आतल्या तर साडेचार इंचांच्या विटांच्या झाल्या. बारीक चौकट प्लास्टरच्या पातळीला आली, आणि लाकूड व सिमेंट जिथे भेटतात तिथे तडा जाऊ लागला. तो झाकायला सुतार मोल्डिंगची पट्टी मारू लागला.

इथली हवा तर लाकडाची परीक्षाच घेते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास जातो, लाकूड वाळून आक्रसतं. श्रावणात तेच फुगतं. शिवाय खाली काळी माती, जी पाणी पिऊन फुलते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या घरांत जोत्यातून ओलही वर चढते.

म्हणून एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं, स्कर्टिंग मी इथे कुणालाही सुचवणार नाही. पुसण्याच्या पाण्याने ते खालून फुगतं, आणि एकदा फुगलं की पुन्हा बसत नाही. फरशीच्याच टाइलची पट्टी उत्तम, जमेल तिथे भिंतीच्या पातळीला बसवलेली, म्हणजे वर धूळ साचत नाही. पीव्हीसीची पट्टीही पाण्याला टिकते, पण भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा, नाहीतर पट्टीमागे पोपडे सुटत राहतात.

चौकटीला मात्र लाकडाचीच पट्टी शोभते, साधी, कमी नक्षीची. कोपऱ्यात तिरका सांधा करण्यापेक्षा वरची पट्टी उभ्या पट्ट्यांवर सरळ बसवावी. तिरका सांधा पट्टी वाळली की फाकतो आणि लगेच नजरेत येतो. कानबाईसाठी घाई असेल तर रंग आणि स्कर्टिंग उरकून घ्यावं. लाकडी पट्टी दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मारावी, तोवर चौकटीची फट उघडी राहिली तरी चालेल.