राउल कुतार आणि ‘ब्रेथलेस’ची फिल्म : पार्श्वभूमी

फ्रेंच छायालेखक राउल कुतार (1924–2016) यांच्याविषयीचे लेखन बहुधा 1960 पासून, म्हणजे ‘ब्रेथलेस’ या चित्रपटापासून सुरू होते. पण त्यांची नजर घडली ती त्याआधी, इंडोचायनात (आजचे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया). दुसरे महायुद्ध संपताना फ्रेंच सैन्याबरोबर ते तेथे गेले आणि पुढे युद्धाची छायाचित्रे टिपत अनेक वर्षे राहिले. मिळेल त्या उजेडात, कॅमेरा हातात धरून, दुसऱ्या संधीची वाट न पाहता चित्र टिपण्याची सवय त्यांना तेथेच लागली. चित्रपटाकडे ते वळले तेव्हा चलच्चित्रणाचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता.

1959 च्या उन्हाळ्यात दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार यांच्या ‘ब्रेथलेस’च्या चित्रीकरणासाठी निर्मात्याने त्यांचे नाव पुढे केले. हा चित्रपट कोणत्या कच्च्या फिल्मवर टिपावा, या निर्णयाविषयी आजही अर्धवट सांगितले जाते. दिग्दर्शकाला वार्तांकनासारखे दृश्य हवे होते आणि स्टुडिओतले दिवे नको होते; मात्र चित्रपटांसाठी तेव्हा मिळणारी फिल्म इतक्या कमी उजेडासाठी पुरेशी वेगवान, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील नव्हती. कुतार यांनी इल्फर्ड या कंपनीची एचपीएस ही स्थिर छायाचित्रणासाठीची फिल्म निवडली. ती साडेसतरा मीटरच्या गुंडाळ्यांत मिळे, म्हणजे चित्रपटाच्या गतीने जेमतेम 38 सेकंदांची. म्हणून गुंडाळ्या एकमेकींना जोडून वापराव्या लागल्या. तिच्या कडेची छिद्रे सर्व कॅमेऱ्यांत बसत नसत, कॅमेफ्लेक्स या चित्रपट-कॅमेऱ्यात बसत. तो कॅमेरा आवाज करणारा, त्यामुळे संवाद नंतर ध्वनिमुद्रित करावे लागले. शिवाय फिल्मची संवेदनशीलता दुप्पट होईल अशा रीतीने ती धुतली गेली आणि पडद्यावर दाणे दिसू लागले, जो त्या काळच्या कसबी लोकांच्या लेखी दोषच होता.

हे सारे केवळ पैशांच्या चणचणीतून घडले, असे म्हणणे अन्यायकारक आहे. हेतू दिग्दर्शकाचा होता हे खरे; परंतु ती फिल्म काय सोसू शकते, हे स्थिर छायाचित्रणातून आलेल्या माणसालाच ठाऊक असणार, आणि श्रेयवाटपात हेच निसटते.

कुतार दिवे वापरतच नसत, हाही गैरसमज. पुढच्या चित्रपटांतील खोल्यांत ते छताकडे दिवे रोखून परतलेला मऊ उजेड वापरत, त्यामुळे नटांना खोलीभर मोकळेपणाने वावरता येई. 1963 च्या ‘कंटेम्प्ट’मध्ये त्यांनी रुंद पडदा आणि रंग तितक्याच आत्मविश्वासाने हाताळले.

1967 नंतर गोदार यांच्याशी असलेले सहकार्य थांबले. ते 1982 च्या ‘पॅशन’पर्यंत पुन्हा जुळले नाही. दरम्यान कुतार यांनी 1969 चा ‘झेड’ चित्रित केला, आणि 1970 मध्ये व्हिएतनामच्या युद्धावरचा ‘होआ-बिन्ह’ स्वतः दिग्दर्शित केला. कान महोत्सवात त्याला पहिल्या चित्रपटासाठीचे पारितोषिक मिळाले. छायालेखनासाठीचा सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार त्यांच्याकडे आला तो 1977 च्या ‘ल क्राब-तांबूर’साठी, ज्याचा दिग्दर्शकही इंडोचायनातल्या युद्धाचे चित्रण करूनच पुढे आलेला होता.