टाळूतली सुई आणि कॉम्प्युटरची सुई

तासगावकडच्या एक आजी वरची दाढ काढायला आल्या होत्या. गालाच्या बाजूची सुई त्यांनी निमूट सोसली. टाळूला सुई लागली तशी मात्र खुर्चीचा हात गच्च धरला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. "दाढंचं काय न्हाई डॉक्टर, पर ही सुई लई वंगाळ." सांगलीत दातांचा दवाखाना चालवताना हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. हल्ली त्यात एक प्रश्न वाढलाय: "कॉम्प्युटरची सुई असते म्हणे, ती दुखत नाही का?"

उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं. १८४४ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पण तेवढाच भाग बधिर करायचं साधन मिळायला १८८४ उजाडलं. त्या वर्षी व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला आणि काही महिन्यांतच न्यूयॉर्कला विल्यम हॅलस्टेड यांनी तेच औषध खालच्या जबड्याच्या नसेजवळ सोडलं. खालच्या दाढेसाठी आज आम्ही देतो तो ब्लॉक, म्हणजे नसच बधिर करणारी सुई, तिथून आला. स्वतःवर प्रयोग करता करता हॅलस्टेड कोकेनच्या आहारी गेले, ही या शोधाची फार मोठी किंमत. आपल्या मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं, तेव्हा या शोधाला जेमतेम दहा वर्षं झाली होती. पुढे कोकेनच्या जागी नोव्होकेन हे बधिर करणारं औषध आलं. १९४३ मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवलं, आणि आजही आमच्या ट्रेमध्ये तेच असतं.

औषध असं बदलत गेलं, पण सिरिंजचा दट्ट्या शंभराहून अधिक वर्षं अंगठ्यानेच ढकलला गेला. दुखण्याचं मूळ बरंचसं या अंगठ्यात आहे. टोचल्याची कळ क्षणाची असते. पण टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली. तिथे औषधाला पसरायला जागाच नाही. जोराने ढकललं की आतला दाब वाढतो आणि तो ठणकतो.

१९९७ च्या सुमारास अमेरिकेत 'वाँड' नावाचं यंत्र बाजारात आलं, तीच ही कॉम्प्युटरची सुई. पेनासारखी हलकी नळी बोटांत धरायची, पायाने पेडल दाबायचं, औषध किती वेगाने जायचं ते यंत्र ठरवतं. संथ गतीला सेकंदाला सुमारे ०.००५ मिलिलिटर, म्हणजे एक मिलिलिटर जायला तीन मिनिटांहून जास्त. ऊतक घट्ट असो की सैल, वेग तोच राहतो. टाळूत एका ठिकाणी टोचून वरचे अनेक दात बधिर करायची आणि ओठ मोकळा ठेवायची पद्धतही याच सुमारास पुढे आली. सुई दिल्यावर बधिर ओठ चावून घेणारी पोरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना याचं मोल लगेच कळेल.

मग पुरावा काय सांगतो? टाळूच्या सुईत यंत्राने वेदना कमी होते, असं बऱ्याच चाचण्यांत दिसलं. लहान मुलांमध्ये निष्कर्ष एकसारखे नाहीत. घाबरलेल्या पोराला तीन मिनिटं तोंड उघडून बसवणं हीच एक परीक्षा असते. आणि भूल किती चढते, यात दोन्ही पद्धतींत फारसा फरक आढळत नाही. यंत्राने दाढ जास्त बधिर होते असं कुणी सांगत असेल, तर ते मला पटत नाही.

आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत ३० मिलिलिटरची कुपी आणि साधी डिस्पोजेबल सिरिंज चालते. यंत्राला कार्ट्रिज, म्हणजे औषध भरलेली तयार छोटी कुपी लागते, शिवाय दर पेशंटला नवी नळी. तो खर्च शेवटी बिलातच येतो. हाताने देतानाही १.८ मिलिलिटरला किमान एक मिनिट द्यावं, असं आम्हाला शिकवलेलं असतं. बाहेर बाकावर दहा जण बसले असले की ते मिनिट आधी कापलं जातं.

त्या आजी महिन्याभराने दुसऱ्या बाजूची दाढ घेऊन आल्या. टाळूला अर्धा मिलिलिटरही लागत नाही. आधी बधिर करणारं जेल लावलं, कापसाच्या बोळ्याने ती जागा दाबून धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर औषध सोडत राहिलो. आजींनी खुर्चीचा हात याही वेळी धरला होता. मधेच त्यांनी तो सोडला आणि पदर सारखा केला.