व्हॉल्व्ह रेडिओतील व्होल्टेजचे दोष (कोकण किनारपट्टी)

व्हॉल्व्ह रेडिओत, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणाऱ्या जुन्या रेडिओत, ठरलेल्या जागी ठरलेला विद्युतदाब न मिळणे, म्हणजे तो कमी पडणे, जास्त होणे किंवा जिथे असूच नये तिथे उमटणे, या सगळ्या बिघाडांना मिळून व्होल्टेजचे दोष म्हणतात. मीटर लावून त्यांचा माग काढणे हा जुना सेट दुरुस्त करण्यातला मुख्य भाग. घरोघरचा समज असा, की रेडिओ बंद पडला म्हणजे व्हॉल्व्ह गेला. कोकणात तो बहुधा खोटा ठरतो. इथे आधी जातो तो कागद : कंडेन्सरमधला (विद्युतभार साठवणाऱ्या भागातला) मेणकागद, ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधला कागद, सॉकेटची कागदी-राळेची पट्टी. चार महिन्यांचा पाऊस आणि बाराही महिने खारा वारा यांत काचेतली निर्वात पोकळी टिकते, कागद टिकत नाही.

किनाऱ्यावरच्या घरांत हे सेट बहुतेक चाकरमान्यांबरोबर मुंबईहून आले. कोयनेच्या विजेचे पहिले वीजगृह १९६२मध्ये पोफळीला, म्हणजे चिपळूण तालुक्यातच सुरू झाले. तरी कितीतरी वाड्यांवर खांब यायला पुढे बरीच वर्षे गेली. त्यामुळे एकाच गावात दोन जातींचे रेडिओ दिसत : बाजारपेठेत विजेवरचे, वाडीत ड्राय बॅटरीवरचे. एरियलची तार दोन माडांच्या मधे ताणलेली. तिच्यावर मुंबई, सिलोन, पुढे पणजी आणि १९७७पासून रत्नागिरी ऐकू येई. आज हे सेट माळ्यावरून खाली येतात ते चतुर्थीला घर झाडताना, आणि कोणीतरी हौसेने पिन भिंतीत खुपसतो. निम्मे बिघाड त्या क्षणी होतात.

विजेवरच्या सेटची रचना समजली की दोषाचा पत्ता आपोआप लागतो. भिंतीतले २३० व्होल्ट मेन ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वाटांनी फुटतात. एक वाट ६.३ व्होल्टांची, व्हॉल्व्हचे फिलामेंट तापवणारी. दुसरी २५० किंवा त्याहून जास्त व्होल्टांची. ती रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून जाऊन एकदिश होते आणि तिला एच.टी. म्हणतात. ईसीएच८१, ईबीएफ८९, ईबीसी८१, ईएल८४ आणि ईझेड८० ही पाचांची माळ (ईएल८४ स्पीकर चालवणारा, ईझेड८० रेक्टिफायर) किंवा तिच्या जवळपासची जोडणी अनेक सेटांत सापडते. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरात असे व्हॉल्व्ह काढले, त्यामुळे कंपनीचे नाव बदलले तरी आतले आकडे फारसे बदलत नाहीत. व्हॉल्व्हच्या आत कॅथोडपासून ॲनोडपर्यंत इलेक्ट्रॉन धावतात, मधला ग्रिड त्यांना आवरतो आणि स्क्रीन त्यांना पुढे ओढते. निरोगी सेटमध्ये पहिल्या फिल्टर (गुरगुर गाळणाऱ्या) कंडेन्सरवर सुमारे २६० ते २८० व्होल्ट, दुसऱ्यावर २३० ते २५०, ईसीएच८१ आणि ईबीएफ८९च्या स्क्रीनवर ८५ ते १००, आवाज वाढवणाऱ्या ट्रायोडच्या ॲनोडवर ६० ते १००, आणि ईएल८४च्या कॅथोडवर ७च्या आसपास मिळतात. सेटच्या मागे डकवलेला किंवा कंपनीच्या सर्व्हिस तक्त्यातला आकडा हाती असेल तर तोच प्रमाण मानावा.

एकटा आकडा काही सांगत नाही. एच.टी. १८० भरली, एवढ्यावरून रेक्टिफायर दमला असे ठरत नाही. पुढचा कोणी जास्त प्रवाह ओढत असेल तरी ती १८०च दिसेल. म्हणून लगेच कॅथोड बघायचा. ईएल८४च्या कॅथोडला १३५ ओहमचा रेझिस्टन्स असतो आणि त्यातून ५३ मिलिॲम्पियर वाहिले की ७ व्होल्ट पडतात. एच.टी. कमी आणि कॅथोडही कमी, तर पुरवठा अशक्त. एच.टी. कमी पण कॅथोड ९ किंवा १० वर, तर खाणारा ईएल८४ आहे. हा विचार न करता रेक्टिफायर बदलला, तर नवा रेक्टिफायरही त्याच वाटेने जातो.

ईएल८४ असा खादाड होण्यामागचा किनाऱ्यावरचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे कपलिंग कंडेन्सर. ट्रायोडचा ॲनोड आणि ईएल८४चा ग्रिड यांच्या मधला हा ०.०१ मायक्रोफॅरडचा मेणकागदी तुकडा. त्याचे काम आवाज पुढे जाऊ देणे आणि डी.सी. अडवणे. दमट हवेत मेण तडकते, कागद ओल पितो आणि डी.सी. झिरपू लागते. हिशेब साधा आहे : ॲनोडवर ८० व्होल्ट, ग्रिड लीक (ग्रिडला शून्याशी जोडणारा रेझिस्टन्स) ०.६८ मेगओहम आणि कंडेन्सरची गळती २० मेगओहम धरली, तर जिथे शून्य हवे त्या ग्रिडवर सुमारे २.६ व्होल्ट धन दाब येतो. वीस मेगओहम ही साध्या मीटरवर ‘काहीच नाही’ अशी दिसणारी गळती, पण तेवढ्याने ईएल८४चा एकूण प्रवाह ६५ मिलिॲम्पियरच्या घरात जातो आणि ॲनोडवरची उष्णता १२ वॉटची मर्यादा ओलांडते. सेट लावल्यावर पाच मिनिटे बरा गातो, मग आवाज फाटतो. मालवणी माणूस म्हणेल, ‘रेडियो घोगरो झालो.’ तसाच चालू ठेवला तर पुढे व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ईएल८४ आणि स्पीकर यांच्या मधला) आणि रेक्टिफायर अशी रांग लागते.

या कंडेन्सरची खात्री करण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्याचे ग्रिडकडचे टोक सोडवणे. ते सोडवल्यावर ग्रिड शून्यावर आला तर दोष कंडेन्सरचाच. नाही आला तर ईएल८४ काढून पुन्हा बघावे. व्हॉल्व्ह काढल्यावर धन दाब गेला, तर व्हॉल्व्हमध्येच वायू किंवा ग्रिडचा दोष आहे. मात्र भार नाहीसा झाल्याने एच.टी. चढते, २५० व्होल्टांच्या गुंडाळीचे शिखर ३५३ असते आणि फिल्टर कंडेन्सरवर अनेकदा ३५०च लिहिलेले असते, तेव्हा हे काम झटपट उरकावे. आणि कंडेन्सर सुटला, व्हॉल्व्ह काढला, तरी ग्रिडवर दाब शिल्लक? मग सॉकेट. जुन्या सॉकेटच्या तपकिरी पट्टीवर धूळ, सोल्डरिंगची राळ आणि खारट ओल यांचा लेप बसतो आणि ॲनोडच्या पिनेकडून ग्रिडच्या पिनेकडे त्यावरूनच वाट फुटते. हा दोष एप्रिलमध्ये मापता येत नाही आणि जुलैत हमखास सापडतो. स्पिरिटने पुसून, रात्रभर दिव्याच्या उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी मापले की फरक कळतो. पट्टी जळून काळी रेघ उमटली असेल तर पुसण्यात वेळ घालवू नये, सॉकेटच बदलावे.

नवा कंडेन्सर ६३० व्होल्टांचा पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन जातीचा घ्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो किरकोळ किमतीत मिळतो. जुना न वापरलेला मेणकागदी कंडेन्सर ‘अस्सल’ म्हणून बसवणे हा शुद्ध वेडेपणा. डबीत पडूनही तो कोकणातच म्हातारा झालेला असतो. सेटचे रूप जपायचे असेल तर जुन्या नळीतले मेण काढून आत नवा दडवतात.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे दुखणे वेगळे. त्याच्या प्रायमरीची (ईएल८४कडच्या गुंडाळीची) तार केसाएवढी बारीक, तिच्यावर सतत धन एच.टी. आणि भोवती ओला कागद. खारट ओलीत हे छोटे विद्युत-विघटनाचे भांडेच होते : तांबे हळूहळू विरघळते, हिरवा गंज धरते आणि एक दिवस तार तुटते. मग ईएल८४च्या ॲनोडवर शून्य आणि स्क्रीनवर मात्र पूर्ण दाब येतो. ॲनोडकडे जायचा प्रवाह स्क्रीनवर आदळतो आणि स्क्रीनची तार लालभडक होते. काचेतून ती लाली दिसली की मीटर उचलण्याआधी बटण बंद करावे. सेट थंड झाल्यावर प्रायमरीचा रेझिस्टन्स मापावा. तो काही शे ओहम हवा.

एच.टी. कमी असण्याची उरलेली कारणे लवकर सांगता येतात. पहिला फिल्टर कंडेन्सर सुकला की शिखराऐवजी सरासरी मिळते, २५० व्होल्टांच्या गुंडाळीतून सुमारे २२५, आणि त्यातून पुन्हा रेक्टिफायरचा तोटा वजा. सोबत जोरदार गुरगुर. दुसरा सुकला तर एच.टी. जवळजवळ तशीच राहते आणि गुरगुर किंवा होडीच्या इंजिनासारखी टकटक ऐकू येते. रेक्टिफायरचा एक अर्धा भाग बंद पडला तर गुरगुरीचा सूर १०० हर्ट्झवरून ५०वर उतरतो. सवयीच्या कानाला तो खर्ज लगेच ओळखू येतो. कार्बनचे रेझिस्टन्स वयाबरोबर वर सरकतात. स्क्रीनला ९०च्या जागी ४० व्होल्ट मिळत असतील तर आधी त्या स्क्रीनचा रेझिस्टन्स आणि तिचा बायपास कंडेन्सर बघावा.

रेक्टिफायरच्या जागी सिलिकॉन डायोड बसवण्याची युक्ती सर्रास चालते. डायोड तापण्याची वाट बघत नाही. बाकीचे व्हॉल्व्ह गार असतानाच पूर्ण शिखरदाब कंडेन्सरवर चढतो आणि नंतरही एच.टी. मूळ आकड्याहून वरच राहते. मालिकेत १०० ते २०० ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टन्स न घालता हे करणे म्हणजे एक दुखणे देऊन दुसरे घेणे.

कोकणात तपासाची पहिली पायरी मात्र सेटच्या बाहेर, भिंतीत आहे. लांबवर पसरलेल्या वाड्या, लाइनवर पडणाऱ्या फांद्या आणि संध्याकाळचा भार यांमुळे शेवटच्या खांबावरच्या घरात १८० व्होल्ट मिळणे नवलाचे नाही. त्यावेळी ६.३चे फिलामेंट ४.९वर येते. सेटमधले दिवे लागतात, हलकी खरखर असते, पण केंद्र लागत नाही, आणि रात्री अकराला शेजारपाजारचे दिवे मालवले की तोच सेट गाऊ लागतो. यात भुताटकी काही नाही : ईसीएच८१मधला ऑसिलेटर (केंद्र लावायला लागणारी लहर निर्माण करणारा भाग) कमी दाबाला थबकतो. व्हॉल्व्ह ताजा असेल तर तग धरतो, दमलेला असेल तर आधी हात टेकतो. ऑसिलेटरच्या ग्रिडवर मीटरने ऋण दाब बघावा. तिथे ४७ किलोओहममधून २०० मायक्रोॲम्पियर वाहणे अपेक्षित, म्हणजे उणे ९च्या आसपास. शून्य असेल तर ऑसिलेटर झोपला आहे. व्हॉल्व्ह बदलण्यापूर्वी भिंतीतला दाब मापून घ्यावा.

उलट बाजूही आहे. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरची टिकली २२०वर असेल आणि घरात २४० येत असतील, तर फिलामेंटला ६.९ मिळतात आणि एच.टी.ही त्याच प्रमाणात चढते. टिकली २५०वर फिरवणे हा फुकटचा उपाय. बोटीवरच्या खलाशाने आणलेला ११० व्होल्टांचा सेट असेल तर टिकली बघितल्याशिवाय पिन हातातच धरावी. वादळात न्यूट्रल तुटला तर घरातला दाब ४००कडे झेपावू शकतो. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत खांब आडवे केले, तशा प्रसंगानंतर वीज परत आली की सेट आधी भिंतीपासून वेगळाच ठेवावा.

माळ्यावरचा सेट पहिल्यांदा लावायचा तो सिरीज बोर्डावर. सेटच्या वाटेत ६० वॉटचा साधा दिवा घातला की आत शॉर्ट असल्यास दिवा भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. आधी उजळून मग मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. डिमरस्टॅटवर (मेनचा दाब कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू दाब चढवला की जुने फिल्टर कंडेन्सर ‘जागे’ होतात, हा सल्ला व्हॉल्व्ह रेक्टिफायरच्या सेटला फारसा लागू पडत नाही. रेक्टिफायरचे फिलामेंट पुरेसे तापेपर्यंत एच.टी. उमटतच नाही आणि उमटते तेव्हा भराभर चढते. पिन लावण्याआधी मागचे झाकण काढून कुंभारमाशीची मातीची घरटी, पालीची अंडी आणि उंदराने कुरतडलेली वायर बघायची हे सांगायला नकोच, पण सांगावे लागते.

मीटरही खोटे बोलतो. १,००० ओहम प्रति व्होल्टचा जुना मीटर २५० व्होल्टांच्या पट्टीवर स्वतःच २५० किलोओहमचा भार असतो. २२० किलोओहमच्या ॲनोड रेझिस्टन्समागे तो लावला की खरा दाब कितीतरी खाली दिसतो. दहा मेगओहमचा डिजिटल मीटर असा दाब दाबत नाही. म्हणून जुन्या तक्त्यातला आकडा डिजिटलवर थोडा जास्त भरला तर घाबरू नये. तक्ता कोणत्या मीटरने केला हे बहुधा त्यावरच छापलेले असते.

ए.सी./डी.सी. सेटांना ट्रान्सफॉर्मरच नसतो. यूसीएच४२, यूएफ४१, यूबीसी४१, यूएल४१ आणि यूवाय४१ या पाचांची फिलामेंटे एकापाठोपाठ जोडलेली असतात, मिळून ११६.६ व्होल्ट, आणि उरलेले ११३ एका ड्रॉपर रेझिस्टन्समध्ये जळतात. प्रवाह १०० मिलिॲम्पियर, म्हणजे ड्रॉपर सुमारे १,१३० ओहमचा. एकाचे फिलामेंट तुटले की पाचही विझतात. मोठा धोका वेगळाच : चासीस (सेटचा धातूचा सांगाडा) थेट मेनच्या एका तारेला जोडलेली असते आणि दोन पिनांचा प्लग उलटा बसला की तिच्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. शेणाने सारवलेल्या ओलसर जमिनीवर अनवाणी उभे राहून अशा सेटच्या बटणाच्या उघड्या स्क्रूला बोट लागणे जीवघेणे ठरते. टेस्टर लावून चासीस बघावी, एक हात पाठीमागे ठेवावा, पायाखाली कोरडी फळी घ्यावी. सेट बंद केल्यावरही फिल्टरमध्ये दाब राहतो; तो काही किलोओहमच्या रेझिस्टन्सने उतरवावा, पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे.

बॅटरी सेटात हे भय कमी. डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६ आणि डीएल९६ या चौघांना फिलामेंटसाठी १.५ व्होल्टांवर मिळून १२५ मिलिॲम्पियर आणि एच.टी. म्हणून ९० व्होल्ट पुरतात. त्या बॅटऱ्या आता बाजारात नाहीत, म्हणून लोक एलिमिनेटर (बॅटरीऐवजी भिंतीतल्या विजेवर चालणारा पुरवठा) बनवतात किंवा नऊ व्होल्टांच्या दहा बॅटऱ्यांची माळ लावतात. दाब सेट चालू ठेवून मापावा, कारण भाराशिवाय मरू घातलेली बॅटरीही पूर्ण आकडा दाखवते. आणि ९० व्होल्टांची तार चुकून फिलामेंटच्या खुंटीला लागली, तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात.