वारस नोंद वेगळी, वारसा हक्क वेगळा

"वडील वारले, सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं लागली, जमीन आमची झाली." सिन्नर, निफाड, दिंडोरी, कुठेही जमिनीचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. त्यालाच जोडून दुसरं: "बहिणीचं नावच लागलेलं नाही, तिला कसला हक्क?" २०२५ साली राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायचं काम हाती घेतलं गेलं. काम गरजेचंच होतं. पण "आता सरकारनेच वारस ठरवून दिले" असं छातीठोकपणे सांगणारेही वाढले. वारस सरकार ठरवत नाही. ते कायद्याने आधीच ठरलेले असतात, सरकार त्यांची नोंद घेतं.

नोंद कशी होते हे बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून भरायचा. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नावं येतात, फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते, कार्यालय बदलतं, तत्त्व तेच.

आता जिथे गाडी अडते ते. माणूस गेला की त्याच क्षणी त्याची मालकी वारसांकडे जाते. अर्ज करायचा नसतो, कुणाची सही लागत नाही, तलाठ्याला कळलेलंही नसतं. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे. फेरफार नंतर येतो. कधी महिन्याने, कधी वीस वर्षांनी. मधल्या काळात जमीन बेवारस नसते आणि मयताचीही नसते, ती वारसांचीच असते. शाळेच्या हजेरीपटावर नाव चढलं नाही म्हणून पोरगं त्या घरचं नाही असं कुणी म्हणत नाही. सातबाऱ्याच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही नेमकं तेच म्हणतात.

एक उदाहरण आकड्यांत घेऊ. निफाड तालुक्यातला एक शेतकरी, स्वतःच्या कमाईतून घेतलेली २ हेक्टर ५० आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर) जमीन, मृत्युपत्र नाही. मागे बायको, म्हातारी आई, दोन मुलगे, एक मुलगी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गाचे, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेले वारस आणि पाचांचा हिस्सा सारखा, प्रत्येकी ५० आर. इथे आईला हमखास विसरतात. मुलाच्या इस्टेटीत आई पहिल्या वर्गात आहे, वडील नाहीत, हे कितीदा सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही. समजा मुलांनी प्रतिज्ञापत्रात फक्त स्वतःची दोन नावं दिली आणि फेरफार मंजूर झाला. मालकी तिळभरही हलली नाही. आजी, आई आणि बहीण यांचे मिळून १ हेक्टर ५० आर त्यांचेच राहिले. पुढे भावांनी सगळी द्राक्षबाग विकली, तर घेणाऱ्याला कायद्याने मिळाला तो भावांचा १ हेक्टरचा हिस्सा, तोही न वाटलेला. बाकीच्या पैशांचं त्याने काय घेतलं? कोर्टाची पायरी.

सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा स्पष्ट केलं आहे: फेरफार नोंदीने हक्क निर्माण होत नाही आणि संपतही नाही, ती महसूल वसुलीसाठीची नोंद आहे. १९९६ च्या निकालात हेच आहे, २०२१ च्या निकालातही. मृत्युपत्रावर वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालयात हक्क ठरवून घ्या, मग नोंद, असंही २०२१ च्या निकालात म्हटलं आहे. तरीही लोक मंडळ अधिकाऱ्याकडे हरतात, प्रांताधिकाऱ्याकडे अपील करतात, तिथून आणखी वर जातात, वर्षांमागून वर्षं घालवतात आणि शेवटी ऐकतात की वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात लावा. भांडण हिश्शाचं असेल तर पहिल्या दिवशी दिवाणी वकील गाठा, असं माझं ठाम मत आहे. महसुली अपिलाने नोंद दुरुस्त होईल, हिस्सा ठरणार नाही.

याचा अर्थ नोंद फालतू आहे असा मुळीच नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली (सातबारा, फेरफार वगैरे) नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणजे ज्याचं नाव नाही त्यालाच पुरावा घेऊन उभं राहावं लागतं. सोसायटीचं पीककर्ज, पीकविमा, गारपिटीची मदत, रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदल्याची नोटीस, हे सगळं आधी सातबाऱ्यावरचं नाव बघतं. हक्क असून नाव नसलेली बहीण नेमकी इथेच मारली जाते, म्हणून नाव लावून घ्याच. फक्त नाव लागलं की हक्क आला आणि नाव नाही म्हणून हक्क गेला, हे डोक्यातून काढा.

जुने सातबारे वाचताना तर हे काटेकोर पाळावं लागतं. थोरल्या भावाचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' असा शेरा दिसला, तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून उभा आहे, एकटा मालक म्हणून नाही. मुलांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या रकान्यात, आणि मुलींची 'इतर हक्कात', असे फेरफार आपल्याकडे ढिगाने आहेत. रकाना बदलल्याने मुलीचा हिस्सा कमी होत नाही. जमिनीची मालकी तपासून दिलेल्या शोध अहवालात हे शेरे नुसते उतरवून पुढे जाणारे मला अजिबात पटत नाहीत. मूळ फेरफार काढा, वारसांची यादी बघा.

दुसरा हट्टी गैरसमज लग्नाच्या तारखेचा: "तिचं लग्न ९४ च्या आधी झालंय, तिला नाही मिळत." महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना सहदायिक, म्हणजे जन्मानेच वाटेकरी, केलं, तेव्हा २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, हे खरं. पण ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने मुलीला जन्माने मुलासारखाच हक्क दिला, त्यात लग्नाची अट नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली रीतसर वाटपं आणि विक्री तेवढी अबाधित राहतात. आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत तर मुलीचा समान वाटा १९५६ पासूनच आहे. तिथे ९४ चा विषय काढणंच चूक. पेठ, सुरगाणा, कळवणच्या आदिवासी कुटुंबांना मात्र हा हिंदू उत्तराधिकाराचा कायदा थेट लागू होत नाही, तिथे रूढी बघावी लागते. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे कायदेही वेगळे. नोंदीने हक्क ठरत नाही, हे मात्र तिथेही तेवढंच लागू आहे.

बहिणीला खरोखर हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हाच मार्ग. साडीचोळी करून नोटरीच्या कागदावर घेतलेली सही किंवा तलाठ्यापुढचा 'माझी हरकत नाही' असा जबाब, यातून मालकी सुटत नाही. माझं विचाराल तर पहिल्या फेरफारात आई-आजीसकट सगळी नावं लावा आणि हक्कसोड किंवा वाटप नंतर स्वतंत्र दस्ताने करा. नावं गाळून 'सोपं' केलेलं काम पुढच्या पिढीला महागात पडतं.

ज्यांना वगळलं आहे त्यांनी मात्र हक्क अबाधित आहे म्हणून निवांत बसू नये. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचं कळल्यापासून १२ वर्षांची मुदत मोजली जाते, आणि 'कधी कळलं' यावरच अर्धा दावा लढला जातो. महसूल विभागाच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा मोबाइलवर दिसतात. घरात कुणी वारलं असेल तर पुढचे काही महिने त्या बघत राहा आणि नाव गाळलेलं दिसलं तर १५ दिवसांच्या आत लेखी हरकत देऊन पोच घ्या.