एका वाचनाची किंमत: क्लाउड डेटाबेसच्या बिलामागचा हिशेब

क्लाउड डेटाबेसच्या बिलात वाचन-लेखन नगावर मोजलेले पाहून अनेकजण पहिल्यांदा दचकतात. हिशेब मात्र जुनाच आहे. 1987 मध्ये टँडम कम्प्युटर्समधील जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी ‘पाच मिनिटांचा नियम’ मांडला. डिस्कवरून दर सेकंदाला एक वाचन करण्याची क्षमता तेव्हा सुमारे 2,000 डॉलरला पडे आणि एक किलोबाइट मेमरी 5 डॉलरला. भागाकार केला की 400 सेकंद येतात. किलोबाइटभर नोंद त्याहून लवकर पुन्हा लागणार असेल तर ती मेमरीत ठेवणे स्वस्त, नाहीतर डिस्कवरच बरी. (400 सेकंद म्हणजे पावणेसात मिनिटांच्या घरात, पण नियम ओळखला जातो तो पाचाच्या आकड्याने.)

ट्रॅन्झॅक्शनच्या, म्हणजे अनेक बदल एकतर सगळे पक्के किंवा सगळे रद्द करण्याच्या, संकल्पनेलाही 1981 मध्ये नेमका आकार दिला तो ग्रे यांनीच. तिच्या गुणधर्मांना (अखंडता, सुसंगती, अलगपणा, टिकाऊपणा) 1983 मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी ‘ॲसिड’ हे नाव दिले. प्रत्येक बदलाचा लॉग लिहिणे, मध्येच दुसऱ्याने नोंद बदलू नये म्हणून लॉक धरणे, फसले तर मागे फिरणे या सगळ्याला खर्च होताच, पण तो आधीच विकत घेतलेल्या मशीनच्या पोटात जिरत असे.

2003 मध्ये लाइव्हजर्नल या साइटसाठी मेमकॅश्ड हे सॉफ्टवेअर तयार झाले आणि त्यानंतर डेटाबेसबाहेर स्वतंत्र कॅशे (वारंवार लागणाऱ्या नोंदींची मेमरीतली प्रत) ठेवण्याची पद्धत रुळली. डेटाबेसवरचा भार हलका झाला, पण ट्रॅन्झॅक्शनची हमी या कॅशेपर्यंत पोहोचत नाही. डेटाबेसमध्ये नोंद बदलली तरी कॅशेत जुनीच राहू शकते.

जानेवारी 2012 मध्ये ॲमेझॉनची डायनॅमोडीबी ही क्लाउड डेटाबेस सेवा आली, तेव्हा वाचन आणि लेखन हीच विकायची एकके झाली. आजच्या मोजमापात 4 किलोबाइटपर्यंतच्या ताज्या (शेवटचा बदल नक्की दिसेल अशा) वाचनाला एक एकक लागते, आणि किंचित शिळे चालणार असेल तर अर्धे. ताजेपणाला असा सरळ भाव लागलेला मला तरी याआधी कुठल्या दरपत्रकात आठवत नाही. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये ट्रॅन्झॅक्शनची सोय आली, ती दुप्पट दराने: प्रत्येक नोंदीवर एकदा तयारीचे काम होते आणि एकदा पक्के करण्याचे. अट न जुळल्यामुळे लेखन नाकारले गेले तरी एकके कापली जातात, त्यामुळे एकाच नोंदीवर झुंबड उडाली की फसलेले प्रयत्नही बिलात येतात.

मग कॅशेने भरपाई होईल असे वाटते. डायनॅमोडीबीसाठी 2017 मध्ये आलेला डॅक्स हा कॅशे किंचित शिळी वाचने स्वतःकडून भागवतो. ताजी आणि ट्रॅन्झॅक्शनमधली वाचने मात्र तो थेट मूळ टेबलकडे धाडतो. वर, ट्रॅन्झॅक्शनचे लेखन डॅक्समार्फत केले तर आपली प्रत अद्ययावत करायला तो मागाहून त्या नोंदी पुन्हा वाचतो, आणि त्या वाचनाची एककेही ग्राहकाच्याच खात्यावर पडतात. म्हणजे सतत ट्रॅन्झॅक्शन करणाऱ्या ॲपला कॅशे जोडल्यावर बिल चढूही शकते.

ऑरोरा या ॲमेझॉनच्याच दुसऱ्या डेटाबेसची रचना वेगळी. तिच्या मूळ योजनेत हवे असलेले पान (डेटाचा तुकडा) डेटाबेसच्या मेमरीत सापडले तर त्या वाचनाला आय-ओचे (साठवणीतून वाचण्या-लिहिण्याचे) शुल्क लागत नाही, म्हणून मोठ्या मेमरीचे मशीन महाग असूनही परवडू शकते. 2023 मध्ये आय-ओचे शुल्कच नसलेली योजना आली. तिथे मशीन आणि साठवणीचा दर जास्त आहे. एकूण खर्चात आय-ओचा वाटा 25 टक्क्यांहून अधिक असेल तर ही योजना घ्या, असे ॲमेझॉन स्वतःच सांगते. तो वाटा किती, हे ज्याने त्याने आपल्या बिलावरून काढायचे.